शाक्यांची तारा

मूर्तीला नखाने टिचकी मारली आणि मूर्ती वाजली. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

टिचकी मारणारे ज्ञानरत्न शाक्य नेपाळातल्या पाटण गावचे, पिढीजात मूर्तिकार. आवाज ऐकताच ते स्टुलावर मटकन बसले. ही माझी तारा नाही, एवढंच म्हणाले. दुकानाची मालकीण आम्रपाली गणवीर समोर उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण बाई हिमतीची. पोलिसांना फोन तिनेच केला.

फौजदार विजयमाला नागरगोजे हवालदार वैजनाथला घेऊन दुकानात शिरल्या तेव्हा दुपार व्हायची होती. दुकान पुण्याच्या खराडीतलं, एका मोठ्या आयटी कंपनीच्या फाटकासमोर. थोड्या वर्षांपूर्वी या जागी ज्वारी डुलत होती. आता गळ्यात पट्टे अडकवलेली पोरंपोरी इथे तिबेटी माळा घासाघीस करून घेत, आणि कंपन्यांकडे आलेले परदेशी पाहुणे जाताना आठवण म्हणून काशाचे गुणगुणणारे वाडगे, रंगीत पताका, लाकडी मुखवटे नाहीतर छोट्या मूर्ती नेत. खराडीत हिमालय विकत मिळतो यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

"काय गेलंय?" विजयमालांनी विचारलं.

"ठेव गेलीय," आम्रपाली म्हणाली. "विकायची वस्तू असती तर मी तुम्हाला बोलावलं नसतं."

मग तिने सगळं सांगितलं. नेपाळात गोळीबार आणि संचारबंदीचे दिवस होते तेव्हा शाक्यांनी घरची जुनी तारादेवी, तिची घंटा आणि दिवा आम्रपालीच्या वडिलांच्या, सीतारामजींच्या स्वाधीन केला होता. देश शांत झाला की न्यायला येईन, म्हणाले होते. सीतारामजींनी शब्द दिला. गणवीर मंडळी बाबासाहेबांच्या वाटेवरची, घरात देवीदेवतांची पूजा नाही. पण ठेव म्हणजे ठेव. मूर्ती काचेच्या कपाटात कुलूपबंद राहिली. यंदा, दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात, तिकडे समेटाची बोलणी जमली आणि शाक्य आले. संध्याकाळच्या गोरखपूरच्या गाडीचं तिकीट त्यांच्या खिशात होतं. पाटणला त्यांची म्हातारी आई देवघरातला रिकामा पाट रोज पुसून ठेवत होती.

"मॅडम, हे आज रिकाम्या हाताने गेले तर मी उद्या हे शटर उघडणार नाही," आम्रपाली म्हणाली. "कुणी काही बोलणार नाही मला. तेच सोसणार नाही."

विजयमालांनी मूर्ती हातात घेतली. वीतभर उंचीची, काळपट अंगाची, चेहऱ्यावर फिकट सोनेरी रंग, केस निळे.

"ही तुमची नाही हे वाजल्यावर कसं कळलं?"

शाक्यांनी मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीत समजावलं. मूर्ती आतून पोकळ ओततात. घरात पुजायची असेल तर पोटात मंत्रांच्या गुंडाळ्या आणि धान्य ठासून भरतात आणि तळाला तांब्याचा पत्रा ठोकून ती कायमची बंद करतात. भरलेली मूर्ती वाजत नाही. प्रवाशांना विकायच्या मूर्ती मात्र रिकाम्याच असतात, कारण त्यांची पूजा व्हायची नसते. या मूर्तीच्या तळाचा पत्रा नुसता चिकटवलेला होता.

"पण दिसायला तशीच आहे."

"असणारच," शाक्य कष्टाने हसले. घरच्या तारेचा साचा डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी स्वतःच छोट्या-मोठ्या कितीतरी तारा घडवल्या होत्या. त्यातल्या दोन समोरच्या फळीवर विकायला होत्या. चेहऱ्याला तसाच सोनेरी रंग, केसांना तसाच निळा.

विजयमालांनी मूर्ती नाकाशी नेली. मूर्तीच्या काखेत, दागिन्यांच्या खाचांत एक ओळखीचा वास होता. पोलिसाच्या नोकरीत हा वास रोज सकाळी भेटतो. बुटाचं पॉलिश.

कपाटात त्या वाकून पाहू लागल्या. घंटा आणि दिवा जागच्या जागी होते आणि लखलखत होते. इतके की त्यात आपलं तोंड दिसावं. बाहेरच्या फळीवरचे वाडगे मात्र सगळे मंद, तपकिरी.

"वाडगे घासत नाही का तुम्ही?"

"कधीच नाही. गिऱ्हाइकाला जुनेपणा हवा असतो. दुकानात घासायला बंदी आहे."

"मग ही घंटा?"

आम्रपाली जरा गोंधळली. दिवाळीत कपाटावर बाहेरून विजेचा नवा दिवा बसवला तेव्हापासून आतलं सगळंच चमकतं असं तिला वाटत होतं. कपाट मात्र उघडलं नव्हतं.

मखमलीच्या कडेला, घंटेमागे, काहीतरी वाळलेलं आणि पिवळं चिकटलं होतं. विजयमालांनी ते चिमटीत धरलं, पाहिलं आणि कागदाच्या पुडीत ठेवलं.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. फक्त दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर गेलो होतो, तेव्हा दुकानात काम करणाऱ्या इंदुबाईंकडे होती. यंदा दीक्षेला पन्नास वर्षं झाली ना, बाबा ऐकेनात. नागपुराहून परत यायला उशीर लागला."

वैजनाथ कानाशी येऊन कुजबुजला, "मॅडम, किल्ली त्या इंदुबाईकडं होती. अजून काय पाहिजे? बसवू गाडीत."

"वैजनाथ, गाडीत बसवणं सोपं असतं. उतरवताना लाज वाटते," विजयमाला म्हणाल्या, आणि त्याने तोंड फिरवलं.

आम्रपालीच्या भावाला, रोहनला, बोलावणं गेलं. तो समोरच्याच इमारतीत संगणकावर काम करी. पट्टा गळ्यात ठेवूनच आला.

"दुकानाची वेबसाइट तू केलीस?"

"हो, टाइमपास म्हणून. पण ऑर्डर्स येतात."

"ताई म्हणते तारेचा फोटोही त्यावर टाकलास. का? ती विकायची नव्हती."

"बॅनरला छान दिसत होती. ताई भडकली म्हणून काढला लगेच."

"कुणी विचारलं होतं?"

"दोन-तीन मेल आले. मी सगळ्यांना नॉट फॉर सेल असंच कळवलं."

"दसऱ्याला कुठे होतास?"

"ताई-बाबांबरोबर नागपूरला. मी गेलो नसतो तर बाबांनी मला घरात घेतलं नसतं."

ते खरं होतं. फोटो त्याच्याकडे अजून होता. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे तोच फिकट सोनेरी लेप.

मग इंदुबाई. मांजरी गावच्या, पन्नाशीच्या, दुकानात सुरुवातीपासून. झाडलोट करत करत विक्री शिकल्या होत्या आणि परदेशी पाहुण्यांशी खाणाखुणांनी असं काही बोलत की पाहुणा दोन वस्तू जास्तच नेई. त्या आल्या त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

"दसऱ्याला दुकान तुम्ही सांभाळलंत?"

"व्हय."

"कपाट उघडलं होतंत?"

"न्हाई."

"एकदाही नाही?"

"न्हाई म्हनलं न्हवं."

"त्या दिवसांत दुकानात कोण कोण आलं?"

"गिऱ्हाइकं येतात तशी आली. कंपनीचं सुदर्शन सायेब आलं, भेटीच्या वस्तू न्यायला. आनी कुनी न्हाई."

बोलताना त्यांचा पदर बोटांभोवती गुंडाळला जात होता, सुटत होता. बाई खोटं बोलत होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण चोर असं बोलत नाही. चोराला उत्तरं पाठ असतात, या बाईला फक्त 'न्हाई' पाठ होतं. विजयमालांनी तिला तशीच सोडली आणि समोरच्या कंपनीत गेल्या.

सुदर्शन त्या कंपनीचा व्यवस्थापक. पाहुण्यांच्या गाड्या, हॉटेलं, भेटवस्तू सगळं त्याच्याकडे. केबिन थंडगार, बोलणं त्याहून थंड.

"पाच मिनिटं देऊ शकेन," तो म्हणाला. "आमचे जर्मन पाहुणे आज संध्याकाळी निघताहेत. सामानाचं मलाच पाहायला लागतं. आमच्याकडे काम केल्याशिवाय पगार देत नाहीत."

"आमच्याकडेही तीच पद्धत आहे," विजयमाला म्हणाल्या. "ती जुनी तारा ठाऊक आहे तुम्हाला?"

"न ठाऊक असायला काय झालं? मागच्या खेपेला याच पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. त्यांना हवी होती. बाईंनी साफ नकार दिला. चांगली गोष्ट आहे, तत्त्वं असावीत माणसाला."

"मग तुम्ही काय घेतलं?"

"नव्या तारा घेतल्या दोन-तीन. रीतसर बिलं आहेत."

"जुनी कधी हातात घेतली होती?"

"छे हो. काचेला बोटसुद्धा लावू देत नाहीत त्या."

विजयमालांनी सुस्कारा सोडला. "आमचं मरण बघा. तिच्यासारख्या दहा तारा बाजारात. जुनी सापडली तरी ओळखायची कशी? आम्हाला पितळ ते पितळ."

सुदर्शन खुर्चीत मागे रेलला. अडाण्याला शिकवायची संधी सोडेल तो पुणेकर कसला.

"अहो, सोपं आहे. जुन्या ओतकामात धातूचा रस कुठेतरी कमी पडायचा. तिथे तांब्याचा तुकडा बसवून घासून टाकत. तिच्या डाव्या गालावर आहे बघा तसं ठिगळ. नखाएवढं, चौकोनी. नव्या मालात असलं काही मिळणार नाही. वाचन लागतं त्याला."

विजयमालांनी आभार मानले आणि रस्ता ओलांडून परत दुकानात आल्या.

"शाक्यजी, तुमच्या तारेच्या डाव्या गालावर तांब्याचं ठिगळ आहे?"

शाक्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या घरी दरवर्षी सणाआधी देवीच्या चेहऱ्याला नवा सोनेरी लेप देतात, जुना न काढता, त्याच्यावरच. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला, त्यांनी स्वतः दिला. देवीचा उघडा गाल घरातल्या कुणी पाहिलेलाच नव्हता.

आम्रपालीनेही नाही म्हणून मान हलवली. रोहनच्या फोटोत तर ठिगळाचा मागमूस नव्हता.

विजयमाला स्टुलावर बसल्या. मग तो गाल उघडा पडला कधी? आणि कुणी पाडला? त्यांनी खिशातली पुडी सोडली. आत झेंडूची वाळलेली पाकळी होती. त्या परळीकडच्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांची आई घरातला विळासुद्धा घासूनपुसून पाटावर मांडायची. चौकीत हवालदार मंडळी बंदुकांना झेंडू वाहत. या दुकानात खंडेनवमी नव्हती. पण दुकान त्या दिवशी आम्रपालीच्या हातात नव्हतंच.

त्यांनी इंदुबाईंना आत बोलावलं, स्टूल पुढे केलं आणि आवाज खाली आणला.

"इंदुबाई, खंडेनवमीला घंटा चिंचेनं घासलीत का नुसत्या राखेनं?"

बाईंचा बांध फुटला. पदर तोंडाला लावून त्या रडत रडत बोलत राहिल्या आणि विजयमाला ऐकत राहिल्या. ऐकून झालं तशा त्या उठल्या.

"वैजनाथ, गाडी राहू द्या. रस्ता ओलांडायचाय फक्त. तुम्ही सगळे चला. ही मूर्तीही घ्या."

कंपनीच्या स्वागतकक्षात उंचेपुरे जर्मन पाहुणे निघायच्या तयारीत उभे होते, शेजारी कंपनीचे मोठे साहेब. नोकराने बॅगा दाराशी आणल्या होत्या. त्यातच लाल कागदात गुंडाळलेला एक खोका होता. पोलीस पाहून सुदर्शन लगबगीने पुढे आला.

"हे काय? पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"तमाशा तुम्ही दसऱ्याला केलात, मी फक्त प्रेक्षक गोळा केलेत. खोका उघडा."

"त्यात आम्ही विकत घेतलेली तारा आहे. बिल आहे माझ्याकडे."

"असेलच. उघडा."

मोठ्या साहेबांनी मान हलवली. खोका उघडला. आतली तारा पिवळीधमक होती, अंगभर चकचकीत आणि चेहऱ्यालाही कसला लेप नाही. शाक्य पुढे झाले. त्यांनी टिचकी मारली. लाकडावर मारावी तसा बद्द आवाज आला. उलटून पाहिलं, तळाचा पत्रा कडेने ठोकून बसवलेला. डाव्या गालावर तांब्याचा लालसर चौकोन होता.

"आता ऐका," विजयमाला म्हणाल्या. "आम्रपालीबाई नागपूरला गेल्या. इंदुबाई दुकानात एकट्या. खंडेनवमी आली. बाईंच्या मनात आलं, एवढं पितळ घरात आणि सणाला तसंच काळं ठेवायचं? त्यांनी भक्तीनं कपाट उघडलं. घंटा, दिवा, देवी, सगळं चिंचेच्या कोळानं घासलं आणि झेंडू वाहिला. आपल्याकडे देव असेच घासतात. पण या देवीच्या तोंडावरचं सोनं रंगासारखं लावलेलं असतं. चिंचेबरोबर ते धुऊन गेलं. खाली ठिगळ दिसलं. बाई घाबरून रडत बसल्या, आणि तेवढ्यात हे साहेब भेटवस्तू न्यायला दारात हजर."

सुदर्शन हसायचा प्रयत्न करत होता.

"ह्यांनी धीर दिला. म्हणाले, माझ्याकडे द्या, कारागिराकडून होतं तसं करून आणतो. दुसऱ्या दिवशी तारा परत आणली. सोनेरी चेहरा, काळपट अंग. बाईंनी पाया पडून कपाटात ठेवली. ती तारा दुकानातूनच घेतलेली नवी होती, बुटाच्या पॉलिशनं जुनी केलेली. जुनी यांच्या कपाटात राहिली, या पाहुण्यांची वाट बघत. विमानतळावर दाखवायला नव्या तारेचं बिल होतंच. वर बाईंना बजावलं, तोंड उघडलंत तर मूर्ती नासवली म्हणून जेलमध्ये जाल. बाई गप्प बसल्या. त्यांना आजवर वाटत होतं की कपाटात आहे तीच खरी."

"पुरावा काय?" सुदर्शनने विचारलं. "एक मोलकरीण काहीही बोलेल."

"पुरावा तुम्हीच दिलात. या मूर्तीच्या गालावरचं ठिगळ शाक्यांच्या घरात कुणी पाहिलेलं नाही. दुकानातल्या मालकिणीनं पाहिलेलं नाही. ते दिसत होतं फक्त खंडेनवमीला चेहरा धुतल्यानंतर. तुम्ही तर म्हणालात की कधी हातात घेतली नाही. सुदर्शनराव, पुण्यात माणसाला गुन्हा लपवता येतो, ज्ञान लपवता येत नाही."

मोठ्या साहेबांनी सगळं पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांना हे जुनं आहे एवढंच सांगण्यात आलं होतं, चोरीचं आहे हे नाही. त्यांच्या शब्दावर सुदर्शनची फ्रँकफर्टची बदली ठरायची होती. ती तिथेच बुडाली हे कुणाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

आम्रपालीने डोळे पुसले आणि तारा शाक्यांच्या हातात द्यायला पुढे केली. विजयमालांनी हात आडवा घातला. त्यांना ते करताना जड गेलं.

"थांबा. चोरीची तक्रार तुमची आहे. तक्रार लिहून घेतली की ही मूर्ती मुद्देमाल होते. पंचनामा, मग चौकीतला मालखाना, मग कोर्ट. सुटायला किती दिवस लागतील ते देव जाणे. आज गाडीत ती जाणार नाही."

शाक्यांना अर्थ कळला आणि त्यांनी पुढे केलेले हात मागे घेतले. सुदर्शनच्या चेहऱ्यावर मात्र रंग परत आला.

आम्रपालीला विचार करायला वेळ लागला नाही.

"मग माझी तक्रार नाही," ती म्हणाली. "तारा घरी जाऊ दे. याचं काय व्हायचं ते होवो."

"बघा, प्रश्न मिटला," सुदर्शन म्हणाला आणि टाय सरळ करू लागला.

चोर समोर, माल समोर, आणि विजयमालांचे हात बांधलेले. तेवढ्यात इंदुबाई पुढे आल्या. सबंध दिवस ज्या बाईला पोलिसाकडे वर मान करून बघवत नव्हतं, ती बाई फौजदारासमोर येऊन उभी राहिली.

"माजी हाय तक्रार. ल्ह्या."

"तुमची?"

"व्हय. बाईंचं काय चोरलं ते बाई सोडत्यात, त्यांचं मन मोठं हाय. पर ह्यानं मला फसिवलं. खरी म्हनून खोटी माज्या हातात दिली. म्या रोज तिला हात जोडलं. आनी जेलाची भीती घालून मला ह्या माऊलीसंगं म्हैनाभर खोटं वागायला लावलं. त्येची तक्रार हाय माजी."

विजयमाला हळूच वैजनाथकडे वळल्या.

"वैजनाथ, फसवणुकीच्या गुन्ह्यात मुद्देमाल कोणता?"

वैजनाथने काखेतली पॉलिशच्या वासाची तारा वर उचलली. "हा, मॅडम. खोटा माल."

"आणि खऱ्या मूर्तीचं?"

"फोटो काढू, पाहुण्यांची आणि साहेबांची साक्ष घेऊ. मूर्ती ज्याची त्याला."

"वरिष्ठांनी काही विचारलं तर उत्तर द्यायला मी आहे. शाक्यजी, गाडी चुकवू नका."

सुदर्शनला वैजनाथने दंडाला धरून बाहेर नेलं. दाराशी रोहन घंटा आणि दिवा घेऊन रिक्षा थांबवून उभा होता. शाक्यांनी तारा अंगावरच्या शालीत गुंडाळली. निघताना इंदुबाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या. देवीचं तोंड मी घालवलं, म्हणाल्या, आता तुमच्या आईला काय दिसायचं?

शाक्यांनी त्यांना मध्येच अडवलं. शाल जराशी बाजूला करून त्यांनी देवीचा उघडा चेहरा पाहिला. मग त्यांना जमेल तशा मराठीत ते म्हणाले की यंदा घरी लेप द्यायच्या आधी आईला एक दिवस हाच चेहरा बघू देणार आहेत.